मधल्या वयाचे कपाट

गेल्या मे महिन्यात आठ दिवस बोईसरला बहिणीकडे होतो. भाची अकरा वर्षांची, सहावीत जाणारी. वाचणारी म्हणजे किती, तर जेवताना समोर पुस्तक नसेल तर लोणच्याच्या बरणीवरचे लेबल वाचून काढील. घरातले संपले होते, शेजारच्यांचे संपले होते, शाळा सुटीमुळे बंद. म्हणून तिने मला जवळच्या एका वाचनालयात नेले. ‘‘मामा, तू चल. तू असलास की देतील,’’ असे ती म्हणाली तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. तिथे गेल्यावर कळला. तिने मोठ्यांच्या कपाटातून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ काढून आणली. टेबलामागच्या बाईंनी ती तिच्या हातातून अलगद काढून घेतली आणि म्हणाल्या, ‘‘बाळा, हे मोठ्यांचं आहे. तुझं कपाट तिकडे.’’

तिकडच्या कपाटात इसाप, पंचतंत्र, अकबर-बिरबल, तेनालीराम आणि राष्ट्रपुरुषांची ठसठशीत अक्षरांतली बत्तीस पानी चरित्रे होती. भाचीने एकदा वरून खाली नजर फिरवली. ‘‘हे मी दुसरीत वाचलंय,’’ म्हणाली.

मी बाईंना काही बोललो नाही. बोलायला तोंडच नव्हते. मी स्वतः एकतीस वर्षे एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल होतो. ‘तुझं कपाट तिकडे’ हे वाक्य किती मुलांना ऐकवले असेल याचा हिशेब माझ्याकडे नाही. एक मुलगा लागोपाठ तीन दिवस ‘मृत्युंजय’ मागत राहिला आणि मी तीनही दिवस नाही म्हटले. चौथ्या दिवशी तो आला नाही. पुढेही कधी आला नाही.

बोईसरहून परतल्यावर पावसाळाभर मी एकच गोष्ट शोधत बसलो. हे ‘तिकडचे कपाट’ मराठीत कोणी केले, कशासाठी केले? आणि ज्यांची भूक त्या कपाटात मावत नव्हती अशा दहा-बारा वर्षांच्या मुलांना आजवर पुस्तके निवडून दिली कोणी?

*

छापील मराठीत मुलांसाठी म्हणून आलेल्या पहिल्या महत्त्वाच्या पुस्तकांत सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचा ‘बाळमित्र’ येतो. साल १८२८. इसापच्या गोष्टीही त्यांनी त्याच सुमारास मराठीत आणल्या. ‘बाळमित्र’ मुळात फ्रेंच. आर्नो बेर्क्यां या लेखकाने १७८२-८३ मध्ये मुलांसाठी महिन्याच्या महिन्याला जे लिहिले, ते इंग्रजीत गेले आणि तिथून छत्र्यांच्या हाती आले. बेर्क्यांने ते घरात वाचायला लिहिले होते. सुखवस्तू घरातली मुले, त्यांचे आईबाप, छोटे संवाद, छोटी नाटुकली असा तो मामला. मुंबईत ते पोहोचले ते मात्र शाळापुस्तक मंडळीच्या हाती, म्हणजे घरातून वर्गात. हा बदल वरवर किरकोळ दिसतो. पण पुढच्या शंभर वर्षांची दिशा त्यात ठरली. मुलाचे पुस्तक निवडायचे काम शिक्षण खात्याकडे गेले आणि निवडीची कसोटी दुहेरी झाली : याने वाचता येईल का, आणि याने वळण लागेल का. ज्याला वाचता येते आहे आणि ज्याचे वळण ठीकच आहे, अशा मुलाने काय वाचावे, हा प्रश्न त्या कसोटीत बसत नव्हता. अशी मुले तेव्हा होतीच किती, असेही कोणी म्हणेल. होती. छापील पुस्तक घरात आले की असे एखादे मूल त्या घरात निपजतेच.

भाषेनेही थोडा घोळ घातला. आपला ‘बाल’ हा शब्द फार ऐसपैस आहे. चार वर्षांचे मूलही बाल आणि तेरा वर्षांचेही बाल. बाळमित्र, बालबोध, बालरामायण या सगळ्यांत एकच मूल कल्पिलेले आहे आणि त्याचे वय कोणी विचारलेले नाही. ‘कुमार’ आणि ‘किशोर’ हे शब्द मुलांच्या नियतकालिकांवर बऱ्याच उशिरा आले. त्यामुळे कपाट एकच राहिले आणि त्याची उंची साहजिकच सर्वांत लहान मुलाच्या हाताला पोहोचेल अशी ठेवली गेली.

विनायक कोंडदेव ओक यांनी या ऐसपैसपणाचा उलटा फायदा करून घेतला, असे मला वाटते. गुहागरजवळच्या हेदवीचा हा माणूस शिक्षण खात्यात नोकरीला होता. १८८१ साली त्यांनी ‘बालबोध’ मासिक काढले आणि १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. त्यांच्या नावावर या मासिकातली ४०२ चरित्रे, ४०२ कविता, ४०२ निबंध आणि ४०२ शास्त्रीय निबंध सांगितले जातात; किरकोळ लेख वेगळेच. आकडा वाचून आधी हसू येते. मग बाराने भागून पाहावे : साडेतेहतीस वर्षे होतात. म्हणजे अंकामागे एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय, आणि हा नेम तीन तपे चुकला नाही. ओकांची भाषा आज कोरडी वाटेल आणि उपदेशाचा डोस सढळ आहे, यात शंका नाही. पण त्यांनी ताट वाढताना लहानांची वाटी आणि मोठ्यांची वाटी अशी वेगळी केली नाही. ज्याला कविता झेपेल त्याने कविता घ्यावी; ज्याला ग्रह-ताऱ्यांचे किंवा वाफेचे कुतूहल त्याने तिकडे जावे. भराभर वाचणाऱ्या मुलाला अशा अंकात दर महिन्याला निदान एक तरी मजकूर आपल्या डोक्यावरून जाणारा सापडत असणार, आणि त्या मुलाला तोच हवा असतो.

ओकांच्या मासिकाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९०६ मध्ये, वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ काढले. ‘बोध’ जाऊन ‘आनंद’ आला, एवढे नावापुरते तरी झाले. आपट्यांनी दुसरीही एक युक्ती रुळवली. मोठ्यांचा प्रचंड ग्रंथ घ्यायचा आणि मुलांना पेलेल एवढा करून द्यायचा : ‘बालरामायण’, ‘बालभारत’, ‘बालभागवत’. चांगल्या वाचकाच्या बाबतीत या युक्तीचा एक गमतीशीर परिणाम होतो. गाळलेली जागा त्याला बरोबर कळते. माझ्या वाचनालयात संक्षिप्त महाभारत वाचून एक मुलगी विचारायला आली होती, ‘‘काका, कर्ण कुंतीचा मुलगा, मग तो नदीत का? मधलं पान फाटलंय का?’’ पान फाटले नव्हते. संपादकाने ते मुळात छापलेच नव्हते. त्या मुलीला पूर्ण महाभारतापर्यंत नेले ते त्या न छापलेल्या पानाने.

*

हे झाले कपाटातले. कपाटाबाहेर मुले काय वाचत होती, हा इतिहास लेखकांच्या आत्मचरित्रांत आणि आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी विखुरलेला आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणलेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी. हरिभाऊ आपटे आणि नाथमाधव यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या. पुढे बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, ज्यांची संख्या हजारावर गेली. यातले काहीच मुलांसाठी म्हणून निवडलेले नव्हते. अर्नाळकर तर मुलांच्या हातून काढून घेतले जात. माझे वडील सांगत, की त्यांनी सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकात झुंजार घालून वाचला आणि परीक्षेत इतिहासात मार्क पडले ते त्या पुस्तकाचे नव्हे, ‘उषःकाल’चे. आमच्या दोन-तीन पिढ्यांतले भक्कम वाचक असे चोरून चरून मोठे झाले.

म्हणून काही जण म्हणतात, की निवड कशाला करायची? मुलाला मोकळे सोडा, ते आपले शोधून काढते. मला हे अर्धे खरे वाटते. चोरून वाचायलाही घरात पुस्तक लागते. ज्या घरात ते नव्हते, त्या मुलांचे काय झाले ते आत्मचरित्रांत येत नाही, कारण ती मुले आत्मचरित्र लिहिण्यापर्यंत पोहोचली नाहीत. आणि मुलींचे आणखी वेगळे. त्यांच्या बाबतीत पुस्तक वयाला योग्य आहे का, हा प्रश्न येण्याआधी वाचायचे की नाही, हाच प्रश्न होता. अनुताई वाघांचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. माझी भाची आज आहे त्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या मुलीची ही हकिगत. पुढे अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि या भागात आल्या, म्हणून त्यांच्याकडे वळतो.

बोईसरहून गाडीने उत्तरेला निघाले, की वाणगाव, डहाणू रोड आणि मग घोलवड. घोलवडहून बोर्डी हाकेच्या अंतरावर. तिथे १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंनी त्याआधी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांबरोबर काम केले होते. नूतन बाल शिक्षण संघ तिथला, १९२६ सालचा. माँटेसरी पद्धत या दोघांनी हिंदुस्थानी मातीत लावली, हे सर्वांना माहीत आहे. एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. खुद्द माँटेसरीबाई लहान मुलांना परीकथा सांगण्याबाबत साशंक होत्या, गिजुभाई नव्हते. त्यांनी गुजराती लोककथा गोळा केल्या, आणि ‘वार्तानुं शास्त्र’ असे नाव देऊन गोष्ट कशी निवडावी, कोणत्या वयाला कोणती, तिचा क्रम कसा लावावा यावर चांगले जाडजूड पुस्तक लिहिले. गोष्ट आधी आनंदासाठी, बोध मागाहून आला तर येवो, हे त्यांचे म्हणणे. मुलांसाठी निवड हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे, हे आपल्याकडे इतक्या नेटाने त्यांच्याआधी कोणी मांडलेले माझ्या वाचनात नाही.

ताराबाई तीच दृष्टी घेऊन बोर्डीला आल्या. मूल स्वतः निवडते. मोठ्या माणसाचे काम म्हणजे निवडण्यासारखे त्याच्या आसपास मांडून ठेवणे. त्यांचे मूल अडीच ते सहा वर्षांचे, त्यामुळे अकरा वर्षांच्या वाचकाला हा नियम जसाच्या तसा लागत नाही, हे मान्य. तरी त्यातला एक भाग मला फार कामाचा वाटतो. मोकळीक आणि निवड यांचे भांडण नाही. मांडून ठेवणे हीच निवड; उचलणे मुलाकडे.

डहाणूच्या वारली मुलांसमोर मांडून काय ठेवायचे, ही अडचण मात्र भावनगरच्या अनुभवाने सुटणारी नव्हती. पाठ्यपुस्तकातली मराठी त्या मुलांच्या घरच्या बोलीपासून दूर होती. पुस्तकातले घर, पुस्तकातले अंगण, पुस्तकातली आई यांपैकी काहीच त्यांच्या ओळखीचे नव्हते. मुले शाळेत येईनात, तेव्हा अंगणवाडी पाड्यावर गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर गेली आणि तिचे नावच कुरणशाळा पडले. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ वाचताना जाणवते, की या बायकांनी साधने बाजारातून आणली नाहीत. शंखशिंपले, बिया, पाने आणि मुलांची स्वतःची गाणी यांतून ती उभी केली. ज्याच्यासाठी पुस्तक नाही त्याला आधी बोलते करावे लागते, त्याच्या तोंडून गोष्ट घ्यावी लागते, हे त्यांना उमगले होते. हे सगळे डहाणू तालुक्यात घडले, आणि त्याच पट्ट्यातल्या वाचनालयात आजही माझ्या भाचीला दाखवले जाणारे कपाट बापू छत्र्यांच्या काळातले आहे, याचे मला वाईट वाटते.

*

दहा ते तेरा या वयाचा विचार करून, त्या वयाच्या वाचकाची नाडी ओळखून ज्यांनी मराठीत काम केले, त्यांत मी भा. रा. भागवतांना सर्वांत वर ठेवतो. त्यांच्याआधी ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ होता, आणि त्याचे मोल कमी नाही. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ तर होतीच, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली. पण ‘श्यामची आई’ आपण मुलांना ज्या बेफिकिरीने देतो त्याबद्दल मला एक तक्रार आहे. भाषा सोपी, संस्कार चांगले, म्हणून ती आठव्या वर्षी हातात पडते. त्यात दारिद्र्य आहे, अपमान आहे, आईचे मरण आहे. ‘बनगरवाडी’त एका तरुण मास्तराने पाहिलेली धनगरांची वस्ती आहे आणि शेवटी दुष्काळाने उठून गेलेले गाव. दोन्ही पुस्तके जड आहेत. दोन्ही अकराव्या वर्षी पेलतील. पहिल्यावर मुलांचे लेबल लागले, दुसऱ्यावर मोठ्यांचे. ‘वाचता येणे’ आणि ‘पेलणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लेबल यातले एकही सांगत नाही.

भागवतांकडे परत येतो. त्यांनी मुलांसाठी मासिक काढले तेव्हा त्याचे नाव ‘बालमित्र’ ठेवले, छत्र्यांच्याच पुस्तकाचे. पण या दोन मित्रांच्या वागण्यात सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. छत्र्यांचा मित्र मुलाला समोर बसवून चार गोष्टी सांगतो. भागवतांचा मित्र त्याला खिडकीतून उडी मारायला लावतो. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या शाळेत आला आणि वीस पुस्तके धावत राहिला. ज्यूल व्हर्न भागवतांनी मराठीत आणला तो ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ अशा नावांनी. त्या भाषांतरांत ते मुलासाठी शास्त्र पातळ करत नाहीत. अवघड शब्द आला तर तो तसाच ठेवून पुढे पळतात, आणि मूल मागोमाग पळते. शिवाय ‘बिपीन बुकलवार’! पुस्तकवेडा मुलगा हाच नायक. ज्या मुलांना घरात ‘डोळे फुटतील, जा बाहेर खेळ’ असे ऐकावे लागते, त्यांच्यासाठी कोणीतरी एक अख्खी मालिका लिहिली. फास्टर फेणे चित्रपटात गेला, बुकलवार तेवढा पुढे आला नाही, हे जगाच्या रीतीला धरूनच झाले म्हणायचे.

१९७१ च्या नोव्हेंबरात पाठ्यपुस्तक मंडळाने ‘किशोर’ मासिक सुरू केले. सरकारी मंडळाने मुलांसाठी मासिक काढायचे म्हटल्यावर जे व्हायला हवे होते, ते सुदैवाने झाले नाही. मोठ्यांसाठी लिहिणारे नामवंत लेखक आणि उत्तम चित्रकार त्यात आले. वर्गणी कमी, आणि ते गावोगावच्या शाळांत पोहोचले. माझ्या वाचनालयात बारा वर्षांच्या मुलांनी फाडेपर्यंत वाचलेली एकमेव सरकारी वस्तू ही. आता त्याचे जुने अंक संगणकावर फुकट वाचायला मिळतात. त्याच काळात मॉस्कोहून येणारी, गुळगुळीत कागदावरची रशियन पुस्तके मराठीत अगदी स्वस्तात मिळत. दूरच्या बर्फातल्या मुलांची नावे आम्हांला शेजारच्या तालुक्यातल्या गावांपेक्षा चांगली पाठ होती. तो देश मोडला तशी ती पुस्तकेही आटली.

नंतरच्या काळातली सगळी नावे घेत बसत नाही. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’चा मात्र उल्लेख हवा. बालगट आणि कुमारगट असे त्याचे वेगळे भाग आहेत, म्हणजे ‘बाल’ शब्दाची कोंडी निदान एका संपादकाने जाणीवपूर्वक फोडली. त्यातले वेचे मोठ्यांच्या साहित्यातून घेतलेले आहेत, सोबत चित्रकारांची चित्रे. चांगल्या वाचकाला वेचा म्हणजे दार. तो वेचा वाचतो आणि मूळ पुस्तक मागायला येतो. तेव्हा ते पुस्तक वाचनालयात असावे लागते आणि टेबलामागच्या माणसाने ते द्यावे लागते. मुंबईहून २०१३ पासून निघणारे ‘वयम्’ नेमके याच वयासाठी आहे. सत्यजित राय यांचा फेलूदा मराठीत आहे, हॅरी पॉटरही आहे, आणि त्यातल्या जादूच्या दगडाला भाषांतरात ‘परीस’ म्हटले आहे, ते मला मनापासून आवडते. पुस्तके नाहीत, ही तक्रार आज तितकीशी खरी नाही. ती मुलापर्यंत नेणारा हात कमी आहे.

*

आता भाचीचे सांगतो, कारण शोध तिच्यामुळे सुरू झाला.

‘बनगरवाडी’ मी माझ्या नावावर घेतली आणि तिला दिली. दोन दिवसांत वाचून झाली. काय समजले, असे मी विचारले नाही. वाचलेल्या पुस्तकाची परीक्षा घेतली की पुढचे पुस्तक लपवून वाचले जाते, एवढे नोकरीत शिकलो होतो. तिनेच संध्याकाळी गच्चीवर विचारले, ‘‘मामा, आपल्या इकडचं असं काही आहे का? पालघरचं, डहाणूचं?’’

माझ्या डोळ्यांसमोर पहिले पुस्तक आले ते गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९७० चे, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले. तलासरी-डहाणूच्या वारल्यांची वेठबिगारी, सावकार आणि जमीनदारांचा जाच आणि १९४५ पासूनचा उठाव. या भागात राहणाऱ्या कोणीही वाचावे असे पुस्तक. पण त्यात माणसांचे जे हाल आहेत, बायकांवरचे जे अत्याचार आहेत, ते अकरा वर्षांच्या मुलीला द्यायचे? बहिणीचे आणि माझे त्यावरून वाजले. ती म्हणाली, ‘‘दादा, तिला सगळं वाचता येतं म्हणून सगळं द्यायचं का? रात्री झोपणार नाही ती.’’ मी म्हणालो, ‘‘ती रोज ज्या गाडीवाल्याबरोबर, ज्या भाजीवालीबरोबर बोलते, त्यांच्या आज्याचं आहे हे.’’ दोघांचेही बरोबर होते, आणि अशा वेळी ग्रंथपालाचा शिक्का कामाचा नसतो.

शेवटी आधी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ दिले. तेही मुलांसाठी लिहिलेले नाही, पण तेरा वर्षांच्या विधवा मुलीपासून टेकडीवरच्या बाईपर्यंतचा रस्ता भाचीला एका दमात समजला. मग परुळेकरांच्या पुस्तकातली काही प्रकरणे मी निवडली आणि आम्ही तिघांनी मोठ्याने वाचली. वाचताना मी दोन ठिकाणी थांबलो आणि एक परिच्छेद सोडला. तिच्या ते लगेच लक्षात आले. ‘‘तू गाळलंस,’’ म्हणाली. मी म्हणालो, ‘‘हो. काय गाळलं ते चौदाव्या वर्षी तू स्वतः वाच. पुस्तक इथेच ठेवतोय.’’ ते तिच्या आईच्या कपाटात, वरच्या फळीवर आहे. खुर्ची घेतली की हात पुरतो, हे आम्हां तिघांनाही माहीत आहे.

निघताना चार पुस्तके ठेवून आलो आणि सांगितले, की न आवडलेले सोडून दे, कारण सांगू नकोस. चारांत वीणा गवाणकरांची दोन होती. गवाणकर वसईच्या, म्हणजे याच जिल्ह्यातल्या, आणि शिक्षणाने ग्रंथपाल. याचा मला व्यवसायबंधू म्हणून उगाच अभिमान आहे. त्यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आले. बालसाहित्य म्हणून ते लिहिलेले नव्हते; पण गुलामगिरीत जन्मलेल्या, पोरक्या, हातात पडेल ते शिकत जाणाऱ्या मुलाची ती गोष्ट मराठी मुलांनी आपल्या कपाटात ओढून नेली. कोणत्याही समितीने शिफारस करण्याआधी मुलांनी ते एकमेकांना दिले. माझ्या वाचनालयात त्याच्या पाच प्रती झिजल्या. दुसरे पुस्तक त्यांचेच, ‘लीझ माइट्नर’. ते देताना मला शंका होती. पदार्थविज्ञान आहे, हिटलरचे जर्मनी आहे, आणि बाईंच्या आयुष्यात मुलांना धरून ठेवील असे धाडस म्हणावे तर ते प्रयोगशाळेतले. तरी ठेवले. बोईसरच्या निम्म्या घरांतले कोणी ना कोणी तारापूरशी बांधलेले, कारखान्यांशी नाहीतर अणुकेंद्राशी. १९६९ पासून तिथे जे चालले आहे, ते मुळात काय आहे याचा अर्थ पहिल्यांदा लावणाऱ्यांत ही बाई होती, एवढेच भाचीला सांगितले.

कार्व्हर तिने पंधरा दिवसांत संपवला. उरलेल्यांपैकी एक जाडजूड कादंबरी चाळीस पानांवर सोडली आणि कारण सांगितले नाही. मीही विचारले नाही. माइट्नर महिनाभर पडून होते. ऑगस्टच्या शेवटी, रात्री साडेनऊला फोन आला.

‘‘मामा, अणू फुटतो हे तिने तिच्या भाच्याबरोबर शोधलं. बर्फात चालताना. ती त्याची मावशी होती.’’

‘‘हो.’’

‘‘आणि नोबेल त्या ऑटो हानला एकट्याला दिलं. हे सगळ्यांना माहीत आहे का?’’

‘‘खूप जणांना आहे.’’

‘‘मग कोणी काही केलं नाही?’’

मी जे माहीत होते ते सांगू लागलो. तिने मध्येच थांबवले. बाबांच्या ओळखीचे एक काका केंद्रात आहेत, त्यांना ती रविवारी विचारणार आहे, आणि त्याआधी तिला अणू या विषयावर ‘जरा मोठ्यांचं’ पुस्तक हवे आहे. वाचनालयात गेली होती. बाईंनी या वेळी तिला मोठ्यांच्या कपाटापाशी जाऊ दिले, पण विज्ञानाची फळी तिथे रिकामी निघाली. पुढच्या शनिवारी मी दादरला उतरून दोन-तीन दुकाने पालथी घालणार आहे. काय मिळते ते पाहू.